मोडलेल्या नेमाचे काय करायचे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा सप्ताह आला की देवळात दोन प्रकारची मंडळी दिसतात. एक, पाटावर मांडी घालून पारायणाला बसणारी. दुसरी, बसायची इच्छा असूनही खाली बसता येत नाही म्हणून मागे खुर्चीवर बसून ऐकणारी. दरवर्षी पाट कमी लागतात आणि खुर्च्या जास्त. वयाचा भाग आहेच, पण गुडघ्यांवर पडणारा भार हाही एक भाग आहे. म्हणून या अंकासाठी जो विषय निवडला आहे तो वाचून कोणाला हसू आले तरी हरकत नाही. विषय आहे वजन कमी करण्याचा. त्यातही नेमका प्रश्न असा, की कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा चढले, असे एकदा नव्हे तर चार वेळा झाले, तर पाचव्यांदा सुरुवात का करावी, आणि कोणत्या बळावर?

हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, देवळाचा नाही, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. पण आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी तो देवळातच आणून ठेवला. त्यांचे नाव लिहीत नाही. वय पासष्टच्या पुढे, यजमान गिरणीत होते, ते गेले. गुडघ्याचे ऑपरेशन करायचे तर आधी वजन उतरवा, असे डॉक्टरांनी सांगितलेले. बाई जिद्दीच्या. एका वर्षी रात्रीचे जेवण पूर्ण बंद करून त्यांनी नऊ किलो उतरवले. मग गणपती झाले, नवरात्र झाले, दिवाळी झाली, पुतण्याचे लग्न झाले आणि नऊचे अकरा होऊन परत आले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. गेल्या वर्षी सप्ताहाच्या आधी त्या मला म्हणाल्या, “भाऊ, यंदा मी देवापुढे काही ठरवणार नाही. दरवर्षी मोडतं. दत्तासमोर उभं राहून किती वेळा खोटं बोलायचं?” आणि खरोखरच त्या सप्ताहात त्या आल्या नाहीत. आरतीत त्यांचा आवाज नव्हता.

वजन वाढले याचे विशेष काही नाही, ते वाढते आणि उतरते. पण वजनापायी माणूस देवळातून उठून जावा, हे मनाला लागले. तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे. मोडलेला संकल्प म्हणजे खोटे बोलणे का?

बँकेत आयुष्य गेले, म्हणून उदाहरण तिथलेच सुचते. चेक दोन कारणांनी परत जाऊ शकतो. एक, सही जुळत नाही. दुसरे, खात्यात पुरेशी रक्कम नाही. दोन्ही चेक परतच जातात, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात खोटेपणाचा संशय असतो. दुसऱ्यात सही अगदी खरी असते, फक्त शिल्लक कमी पडते. त्या बाईंची सही खरी होती. उभ्या राहून जे बोलल्या ते मनापासून बोलल्या. मग खोटे कुठे आले? रक्कम शिल्लकेपेक्षा मोठी लिहिली गेली, एवढेच. शिल्लक कमी पडली म्हणून कोणी सही करणे कायमचे सोडत नाही. पुढचा चेक शिल्लक बघून लिहितो.

आता ही शिल्लक कमी का पडते, तेही बघायला हवे. आपण सगळा दोष माणसाच्या जिभेला देऊन मोकळे होतो. पण आपल्या लालबागकडेच बघा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे एकेक भोंगा बंद होत गेला. तोवर या वस्तीतला माणूस आठ-आठ तास मागावर उभा राहायचा, चालत पाळीला जायचा, चालत यायचा, तीन मजले चढून खोलीत शिरायचा. खानावळीतला भाताचा डोंगर त्याच्या अंगाला लागत नव्हता. पुढच्या पिढीने नोकऱ्या धरल्या त्या खुर्चीवरच्या. मीही त्यातलाच. मग चाळींच्या जागी टॉवर आले, जिन्याच्या जागी लिफ्ट आली. ताट मात्र तेच राहिले. वर खाली उतरले की चिवडा गल्ली, लाडू आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वडापाव. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास जन्मलेला हा वडापाव म्हणजे पाळीवर पळणाऱ्या माणसाचे जेवण. आता तो बसलेल्या माणसाचा मधला खाऊ झाला आहे. एवढा सगळा बदल एकट्या माणसाने मनाच्या जोरावर पेलावा, ही अपेक्षाच फार मोठी आहे.

बरे, मनाचा जोर लावला तरी काय होते? याचे उत्तर आपल्या संप्रदायात फार पूर्वी देऊन ठेवले आहे, पण आपले तिकडे लक्ष जात नाही. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. याच स्कंधावर नाथांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत एक मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या लोभाने तो जिवाला मुकतो, म्हणून जिभेला आवरावे, एवढे आपल्याला कीर्तनातून ठाऊक असते. पण त्याच ठिकाणी अवधूत आणखी एक गोष्ट सांगतो. उपाशी राहिल्याने बाकीची इंद्रिये लवकर ताब्यात येतात, जीभ तेवढी येत नाही. उपाशी माणसाची जिभेची ओढ उलट वाढत जाते. म्हणजे जिभेशी उपासाने लढायला जाल तर ती बळावेल, हे खुद्द अवधूताचे सांगणे आहे. आपल्या आजीने हेच चार शब्दांत सांगितले होते, एकादशी दुप्पट खाशी!

आजचे डॉक्टर दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले आहेत. २०११ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरवले होते. वर्ष उलटून गेल्यावर तपासले तरी त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरके ‘खा, खा’ असेच सांगत होती. अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरवण्याची स्पर्धा चालायची. तिच्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तो अहवाल २०१६ चा आहे. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि त्यांचे शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. आपल्या हिशेबात पाच-सहा फुलके समजा. शरीराला तुमचा संकल्प कळत नाही, त्याला दुष्काळ कळतो. दुष्काळ सरला की शहाणा शेतकरी आधी कणगी भरतो, शरीरही तेच करते. त्या बाईंचे नऊचे अकरा का झाले, याचे उत्तर यात आहे. हे पाप नव्हे, ही प्रकृती आहे.

पण थांबा. हे वाचून कोणी म्हणेल, चला, सुटलो, आता प्रयत्न करायलाच नको! आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत. चालायला चला म्हटले की सांगतात, “चोवीस गुरूंपैकी मी अजगर धरला आहे, जागचा हलत नाही.” अजगर मिळेल ते खातो हे खरे. पण नाही मिळाले तर तक्रार न करता तसाच पडून राहतो, गुरूचा हा अर्धा भाग ते गृहस्थ सोयीने विसरतात. प्रकृती समजून घेतली म्हणजे जबाबदारी संपत नाही. ती नीट कुठून कुठवर आहे, हे कळते.

ती जबाबदारी कोणती, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. ध्यान करणाऱ्याचे खाणे-पिणे, झोपणे-जागणे बेताचे असावे, अती खाणे नको तसे अजिबात न खाणेही नको, असे भगवंत तिथे सांगतात. मन वाऱ्यासारखे आहे, कसे आवरू, असे अर्जुन विचारतो, तेव्हा अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पण अर्जुन पुढे जे विचारतो तो आपला प्रश्न आहे. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण मध्येच मन ढळले आणि वाट सुटली, अशा माणसाचे काय? तो फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? भगवंत ठाम नकार देतात. चांगले करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. केलेले जमा राहते, आणि पुढच्या जन्मातही तो जिथे सोडले तिथून उचलून पुढे चालू लागतो. जन्मांतरीच्या खात्यात जर जमा पुसली जात नाही, तर गणपती ते दिवाळी एवढ्याशा अवधीत ती कशी पुसली जाईल? ज्याने चार वेळा वजन उतरवले त्याला चार वेळचा अनुभव आहे. भूक कोणत्या वेळी लागते, कोणत्या घरी आग्रह होतो, कोणता रस्ता चालायला बरा, हे त्याला माहीत असते. तो पाचव्यांदा पहिल्या पायरीवरून निघत नाही.

मग चुकते कुठे? मला वाटते, आपण नेम आणि अनुष्ठान यांत गल्लत करतो. अनुष्ठानाला ठरलेले दिवस असतात. सप्ताह सात दिवसांचा. त्या सात दिवसांचे कडक नियम असतात, एकवेळ हविष्यान्न असते, मग समाप्ती, उद्यापन आणि महाप्रसाद. आठव्या दिवशी आपण आपल्या नेहमीच्या खाण्यावर येतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण अनुष्ठान संपण्यासाठीच असते. नेमाचे तसे नाही. रोज देवापुढे दिवा लावणे हा नेम. त्याला समाप्ती नाही, उद्यापन नाही. एखाद्या दिवशी गावाला गेलो, आजारी पडलो, दिवा राहिला. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘आता मोडलेच, कशाला लावायचा’ असे कोणी म्हणते का? संध्याकाळ झाली की लावतो. आपण वजनाचे अनुष्ठान करतो आणि फळ मात्र नेमाचे मागतो.

२०१८ च्या सुमारास घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला होता, तो आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांपासून प्रेरणा घेऊन दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला आणि पाऊण तास चालायला सांगत होते. ऋजुता दिवेकर घरचे, आपल्या भागातले अन्न थोडे थोडे, वेळच्या वेळी खायला आणि तुपाभाताला न घाबरायला सांगत होत्या. आमच्या इमारतीत दोन्ही पक्ष होते, कडाक्याचे वाद व्हायचे. वाद ज्या मुद्द्यावर होता तो राहू द्या. घरचे अन्न, वेळेचे बंधन, मधले अरबटचरबट बंद आणि अंगाला हालचाल, एवढे दोन्हीकडे सारखेच होते. आणि मी जे पाहिले ते असे, की टिकले ते दीक्षितांचेही टिकले आणि दिवेकरांचेही टिकले, सुटले ते दोन्हीकडचे सुटले. ज्यांनी तीन महिन्यांचे अनुष्ठान केले त्यांचे नव्याचे नऊ दिवस झाले. ज्यांनी त्यातली एखादी गोष्ट नेम म्हणून धरली ते अजून धरून आहेत. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते.)

उत्साह टिकत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. टिकायचा नाहीच. उत्साह हा पाहुणा आहे, येतो आणि जातो. रोजचा दिवा काही आपण उत्साहावर लावत नाही. नेम छोटा असावा, इतका छोटा की उत्साह नसलेल्या दिवशीही जमावा. जेवणात पहिला वाढलेला भात तेवढाच. रात्री आठनंतर फक्त पाणी. काकड आरतीनंतर सरळ घरी न जाता एक फेरी. यांपैकी एकच धरा, शिल्लक बघून.

आणि मोडला तर? पोस्टातल्या आर. डी.चा नियम मला इथे फार आवडतो. एक हप्ता चुकला तर थोडा दंड पडतो, खाते चालू राहते. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते, पण तेही दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू करता येते. म्हणजे नियम करणाऱ्यानेच गृहीत धरले आहे, की माणूस संसारी आहे, हप्ता चुकणार. चुकला तर काय करायचे याची सोय त्याने आधीच नियमात लिहून ठेवली. आपल्या नेमातही ती लिहून ठेवावी. लग्नात जेवलो तर दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीचे जेवायचे. चार दिवस सुटले तर गुरुवारी पुन्हा धरायचा. गुरुवार दर आठवड्याला येतोच. खंड कधी पडूच नये असा हट्ट धरला की पहिल्या खंडालाच माणूस खाते बंद करतो. खंड लहान ठेवणे, एवढेच आपल्या हातात आहे.

फळाकडे बघण्याची दृष्टीही बदलायला हवी. काट्यावरचा आकडा हे एकच फळ नव्हे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि चालण्याचा सल्ला देऊन वारंवार आठवण केली गेली त्यांचे वजन फारसे हलले नाही, पण मधुमेह होण्याचे प्रमाण जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी झाले. काटा रुसला होता, तरी शरीर आतून ऐकत होते. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात ध्येय ठेवले होते ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे. ऐंशी किलोच्या माणसाला साडेपाच किलो, आणि रोजची वीस-बावीस मिनिटे. त्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. ‘आता या वयात काय उपयोग’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. आणि काट्यापेक्षा कमरेची दोरी बरी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे माप शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. आपली चरबी पोटाशी दडते. म्हणून पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत कंबर राखावी, असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात.

एवढे सगळे ज्याचे त्याने करायचे. पण आपल्या, म्हणजे भोवतालच्यांच्या वाट्याला काही येते की नाही? येते. ‘काय हो, परत वाढलात की!’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. ऐकणारा हसतो आणि पुढच्या गुरुवारी देवळात येत नाही. दुसरी गोष्ट आग्रहाची. आग्रह हे आपले प्रेम आहे, खरे. पण नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकणे म्हणजे त्याचा नेम आपल्या हाताने मोडणे. दुसऱ्याच्या एकादशीला आपण त्याला भात वाढतो का? मग त्याच्या या नेमाचाही तेवढाच मान ठेवावा. दत्तमहाराज कोल्हापुरात भिक्षेला जातात, असे आपण मानतो. संप्रदायात माधुकरीला मोठे मोल आहे, आणि माधुकरी म्हणजे घराघरातून थोडे थोडे. भुंगा फुलाफुलातून कणभर घेतो, तो अवधूताचा गुरूच आहे. प्रसादही कणानेच पावन करतो. तेव्हा महाप्रसादाच्या पंगतीत ‘अर्धे पान’ मागायला कोणाला संकोच वाटू नये, आणि वाढणाऱ्याने ते कारण न विचारता वाढावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. काकड आरतीनंतर चार जणांनी मिळून चालायला निघावे, ही दुसरी विनंती. वारीत माणूस पायांच्या जोरावर जितका चालतो, त्याहून जास्त दिंडीच्या जोरावर चालतो.

गिरनारला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, की २०२० पासून रोपवे झाला तरी तो अंबाजीपर्यंतच नेतो. पुढे दत्तशिखरापर्यंत पायऱ्याच आहेत. गोरखनाथांचे शिखर गाठले की सगळ्यात उंच जागा आली, आणि दत्तशिखर समोर दिसते. पण तिथे जायला आधी बऱ्याच पायऱ्या खाली उतरावे लागते, आणि मग पुन्हा चढायचे. नवखा माणूस ती उतरण बघून हबकतो, इतके चढलो ते वाया गेले म्हणतो. माहीतगार मात्र काठी टेकत उतरतो, कारण पादुकांकडे जाणारी वाट तीच आहे, दुसरी नाही.

तेव्हा ज्यांचा नेम मोडला असेल त्यांनी देवळात यावे. बाकावर बसावे, खुर्चीवर बसावे, पण यावे. दत्तासमोर उभे राहून मोठे काही बोलायची गरज नाही. ‘उद्याचा एक दिवस’ एवढे म्हटले तरी पुरे, आणि परवा पुन्हा तेवढेच म्हणावे. सही खरी असली की महाराज रक्कम बघत नाहीत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!